धर्म बदलला म्हणजे नेमकं काय बदललं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका गृहस्थांनी लिहिलं होतं की जे लोक ख्रिस्ती होतात ते कसल्या तरी आमिषानेच होतात आणि एकदा झाले की आपल्या मातीचे राहत नाहीत. वाचून मला राग आला. पण राग दोन दिवसात गेला आणि डोक्यात एक प्रश्न बसला तो काही जाईना, की मी बाप्तिस्मा घेतला त्याला आता बरीच वर्षं झाली, २००८ साली घेतला, तर माझ्यात खरंच काय बदललं? त्या गृहस्थांना उत्तर द्यायच्या आधी हे मलाच मला विचारायला पाहिजे होतं म्हणून हे पत्र. लांबलंय, जमेल तेवढं छापा.

मी श्रीरामपूरला राहते. घराच्या पुढच्या खोलीत शिवणाचं दुकान आहे, ब्लाऊज, फॉल-पिको, लहान मुलींचे फ्रॉक. माहेर मराठा, वडील माळकरी, आषाढीला पायी जाणारे. माझ्याकडे दवाखान्यातल्या एक सिस्टर ब्लाऊज शिवायला यायच्या, त्यांनी मला बायबलमधला नवा करार दिला, आणि मी तो मशीनच्या खणात ठेवून जवळजवळ दोन वर्षं कस्टमर नसतील तेव्हा वाचला. कुणी मला एक रुपया दिला नाही, कुणी धाक घातला नाही. मुलगी आजारी होती आणि बरी झाली असंही काही झालं नाही. वाचता वाचता मला त्या येशूबद्दल असं वाटायला लागलं की हा माणूस मला ओळखतो. याच्यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

बाप्तिस्म्याच्या दिवशी पाळकसाहेबांनी वचन वाचलं, की जो ख्रिस्ताच्या ठायी आहे तो नवी उत्पत्ती आहे, जुनं होऊन गेलं. मला वाटलं चला, झाले मी नवी. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं आणि पहिल्याच बाईला मी खोटं बोलले. ब्लाऊज कापलेलासुद्धा नव्हता आणि म्हटलं, "झालाय ताई, फक्त हूक लावायचे राहिलेत, संध्याकाळी या."

शिवणकाम करणाऱ्या बायकांना हे माहीत आहे. "उद्या देते" हे आमच्या तोंडात बसलेलं असतं, त्याला कुणी खोटं म्हणतच नाही. दुसरं म्हणजे कापड. मीटरभर पीस आलं आणि बाई अंगाने बारीक असली की पाऊण मीटरात ब्लाऊज बसतो, उरलेलं कापड कुणी मागत नाही, आपणही देत नाही, त्याच्या पायपिन होतात, लटकन होतात, ते दुसऱ्याच्या ब्लाऊजला लावायचे आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचे. आणि तिसरं हे लिहिताना माझा हात जड होतोय, अस्तर. चांगल्या टू बाय टूचे पैसे घेऊन मी काही बायकांना हलकं अस्तर लावलेलं होतं, आतून असतं, कोण बघतं.

त्या वर्षी मी लूकच्या शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट परत वाचली. तो जकातदार, झाडावर चढून बसलेला बुटका माणूस. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, आणि येशूने त्याला एका शब्दानेही हिशोब विचारला नाही, तो आपणहून उभा राहिला आणि म्हणाला ज्याचं फसवून घेतलं असेल त्याला चौपट परत देतो. मी मशीनवर बसून रडले. मग जुन्या मापांची वही काढली, मापाच्या शेजारी अस्तराची खूण असते, त्यावरून ज्यांची ज्यांची आठवण होती अशा अकरा बायका निघाल्या. चौपट द्यायची ऐपत नव्हती. एकेकीच्या घरी गेले, सांगितलं, आणि पुढचा ब्लाऊज चांगलं अस्तर लावून फुकट शिवून देते म्हटलं. बऱ्याच जणी म्हणाल्या जाऊ दे गं, कशाला एवढं. एक मात्र खूप चिडली, "म्हणजे एवढी वर्षं आम्हाला लुटत होतीस आणि आता तुझ्या देवाकडून माफी घेऊन आलीस?" ती परत कधी आली नाही, आणि तिच्या गल्लीतल्या दोघीतिघी पण तुटल्या. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. फसवलं तिला होतं.

तेव्हापासून उरलेलं कापड घडी करून ब्लाऊजच्या आत घालून देते. तारीख सांगताना वही बघून सांगते. काम कमी घेते, पैसे कमी मिळतात. हे मोठेपणा म्हणून सांगत नाहीये, ही किमान गोष्ट आहे जी मी आधीच करायला पाहिजे होती, आणि माझे माळकरी वडील बाप्तिस्मा न घेता आयुष्यभर करत होते. पण मला ती जमत नव्हती आणि नंतर जमली, आणि कुणाच्या जोरावर जमली ते मला माहीत आहे.

घरातलं सांगते. माझे मिस्टर ख्रिस्ती नाहीत. आजही नाहीत. बाप्तिस्म्यानंतर सुरुवातीचं दीड वर्ष मी घरात जे केलं त्याची मला शरम वाटते. देव्हारा काढा म्हणून मागे लागले. सासूबाईंनी सत्यनारायणाचा प्रसाद पुढे केला तर मी हात मागे घेतला, तोसुद्धा चार बायकांसमोर, तोंडाने एक शब्द न बोलता. त्या बिचाऱ्या वाटी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मला त्या वेळी वाटलं मी साक्ष दिली, म्हणजे माझा विश्वास सगळ्यांसमोर दाखवला. मिस्टर रात्री एवढंच म्हणाले, "मी तुझं पुस्तक कधी बाहेर फेकलं का?" मला उत्तर नव्हतं. सिस्टरांना जाऊन सांगितलं, वाटलं त्या माझ्या बाजूने बोलतील, तर त्या म्हणाल्या देव्हारा तुझ्या नवऱ्याचा आहे, तो राहू दे तिथेच, आधी सासूबाईंची माफी माग. आणि बायबलमधलं पौलाने करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेलं पत्र दाखवलं, की नवरा विश्वासात नसला तरी तो नांदायला राजी असेल तर बायकोने त्याला सोडू नये. सोडू नये याचा अर्थ नुसतं एका छपराखाली राहणं नव्हे, नीट नांदणं, असं त्यांनी मला समजावलं.

मी माफी मागितली. आता गणपतीत मी घर सारवून-पुसून देते, मोदक करते, पाहुण्यांचं सगळं बघते, आरतीला उभी राहत नाही. प्रसाद कुणी दिला तर हात जोडून सांगते की मी घेत नाही, राग मानू नका, आणि बसून चहा पिऊन येते. संक्रांतीला हळदीकुंकवाला बोलावतात, जाते, कुंकू लावत नाही, तिळगूळ घेते, गोड बोलते. मंगळसूत्र आहे, माझ्या नवऱ्याच्या नावाचं आहे. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, काहींना हे पटत नाही, ते म्हणतात एक पाय इकडे एक पाय तिकडे. त्यांना मी सांगते की आरतीला उभी राहत नाही तो माझा विश्वास आहे, आणि मोदक करते ते माझं घर आहे, दोन्ही माझंच. नाव पण बदललं नाही. आईने ठेवलेलं आहे.

आईचं सांगायचं तर तिला अर्धांगवायू झाला आणि ती सात महिने अंथरुणावर होती, भावाकडे. मी दुपारी दुकान बंद करून एसटीने जायचे, अंग पुसणं, कूस बदलणं, भरवणं, शेवटच्या गाडीने परत. आईला माझं ख्रिस्ती होणं कधी आवडलं नाही. तिने मला एकदा विचारलं, तुझ्या देवाला माझं नाव माहीत आहे का? मी म्हटलं, माहीत आहे. एवढंच आमचं या विषयावरचं बोलणं. मी तिला त्या अवस्थेत काही शिकवायला गेले नाही, तिला तिच्या विठोबाचा अभंग ऐकायचा असायचा, मी मोबाईलवर लावून द्यायचे.

ती गेली. दहाव्याला प्रवरेच्या काठी पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. अर्धा तास, पाऊण तास. मी लांब बायकांच्यात उभी होते. मागून कुणीतरी म्हणालं, हिच्यामुळे. मग ते सगळ्यांच्या तोंडी झालं, हिला इथून जायला सांगा. मी पाय उचलला पण होता. तेवढ्यात भाऊ आला, त्याच्याशी माझं सहा वर्षं धड बोलणं नव्हतं, तो सगळ्यांदेखत म्हणाला की आईचं सात महिने हिनेच केलं, ही कुठं जाणार नाही. माझ्यासाठी ते फार होतं. थोड्या वेळाने कावळा शिवला. त्यावरून मी काही सिद्ध करत नाही. भावाने माझा हात धरला होता हे सांगतेय.

आता आमच्या चर्चबद्दल लिहिते आणि हे लिहायला मला जास्त धैर्य लागतंय, कारण बाहेरच्यांवर लिहिणं सोपं असतं.

आमच्या नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मिशनचं काम १८३१ पासूनचं. इथली बहुतेक ख्रिस्ती घरं पणजोबा-खापरपणजोबांपासूनची, आणि त्यातली पुष्कळ त्या काळच्या महार-मांग वस्त्यांमधून आलेली. माझ्यासारखी एखादी मराठा घरातली बाई आली की तिला लगेच पुढे बसवतात. मला सभांना बोलवायला लागले, साक्ष द्यायला, आणि ओळख करून देताना म्हणायचे "उच्च कुळातून आलेल्या आपल्या भगिनी". मला ते गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. आणि ज्यांच्या घरात चार पिढ्या विश्वास टिकवला, त्या बायका मागच्या सतरंजीवर.

पहिल्या प्रभुभोजनाचं सांगते, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून चर्चमध्ये भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीचं. आमच्याकडे एकच प्याला फिरतो. माझ्या आधी ज्या बाईने प्याला तोंडाला लावला ती माझ्या माहेरच्या गावची, वेशीबाहेरच्या वस्तीतली. तिच्या सासूला माझ्या आजीने वरून पाणी ओतताना मी लहानपणी बघितलेलं, ओंजळीत, भांडं लागू न देता. प्याला माझ्या हातात आला आणि माझा हात थांबला. मी ओठ नुसते टेकवले, प्यायले नाही. ख्रिस्ताच्या रक्ताच्या प्याल्यासमोर मी माझ्या आजीची नात होऊन बसले होते. कुणाला कळलं नाही असं मला वाटलं.

तीन वर्षांनी मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी कळलं होतं गं." आणि भाजी निवडत राहिली.

आज ती माझ्या दुकानात हूक-काज करते, हेमिंग तिच्याइतकं सुंदर कुणाचं नाही, दुपारी आम्ही एका डब्यात जेवतो. पण मी हे ठामपणे लिहिते की नवं जीवन नवं जीवन म्हणून आम्ही चर्चमध्ये जे गातो ते लग्नाचं स्थळ बघताना कुठं जातं? "पूर्वी कोण होते?" हा प्रश्न आमच्या मंडळीत आजही हळू आवाजात विचारला जातो. ख्रिस्तात यहुदी नाही, हेल्लेणी (ग्रीक) नाही, दास नाही, स्वतंत्र नाही हे वचन आम्हाला पाठ आहे. ज्या दिवशी मी सभांमध्ये सांगितलं की माझी ओळख कुळावरून करून देऊ नका, त्यानंतर बोलावणी कमी झाली. हरकत नाही.

त्या पत्रलेखकांच्या आमिषाच्या मुद्द्याकडे येते. माझ्याबरोबर डबा खाणाऱ्या या बाईंना ख्रिस्ती असल्याचं काय मिळालं ते बघा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता, १९५६ मध्ये शीखांना मिळाला, १९९० मध्ये बौद्धांना, ख्रिस्ती झालेल्यांना अजून नाही. म्हणजे सरकारी कागदावर त्यांचा अनुसूचित जातीचा दर्जा गेला, त्याची सवलत गेली, आणि गावात जात आहे तशीच आहे, तिथून ती काही केल्या जात नाही. हे असलं आमिष कोण घेईल? पैसे देऊन, फसवून कुणाला ख्रिस्ती करत असतील तर ते पाप आहे, मी स्वतः त्याच्या विरोधात उभी राहीन, कारण येशूने कुणाला ओढून नेलं नाही, सगळं विकून गरिबांना दे म्हटल्यावर बायबलमधला तो श्रीमंत तरुण परत फिरला तेव्हा त्याला जाऊ दिलं. पण शंभरातला एकसुद्धा ख्रिस्ती नसलेल्या या राज्यात प्रत्येकाकडे संशयाने बघायचं, आणि बाई स्वतः विचार करून काही ठरवू शकते हे मानायचंच नाही, याने मला फार वाईट वाटतं. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमात सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य आहे. तो विवेक शिवणकाम करणाऱ्या बाईला पण असतो.

आणि माती. आमच्या चर्चमध्ये पेटी, तबला आणि टाळ आहेत. आम्ही रेव्हरंड टिळकांची भजनं गातो, नारायण वामन टिळक, ज्यांची फुलामुलांची कविता तुम्ही आम्ही सगळे शाळेत शिकलो. त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला, आणि तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते म्हणायचे. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला माझे वडील आठवले, त्यांची माळ, त्यांचा पहाटेचा हरिपाठ. मला तोपर्यंत वाटत होतं मी वडिलांना सोडून आले. त्या दिवशी वाटलं, मी त्यांच्याच रस्त्याने चालत आलेय, फक्त पुढे गेलेय. हे माझ्या भावाला पटणार नाही, पटावं असा हट्टही नाही.

लक्ष्मीबाई टिळकांना नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतर किती सोसावं लागलं ते मराठी वाचकाला मी काय सांगू. पाच वर्षांनी, १९०० मध्ये, त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला, आणि तोही सोवळ्याओवळ्याचा विचार स्वतःच्या मनाशी लढून संपवल्यावर. माझ्या प्याल्याच्या गोष्टीनंतर मला त्यांचा फार आधार वाटला. याच घरात बालकवी ठोंबरे राहिले, लक्ष्मीबाईंनी त्यांना मुलासारखं सांभाळलं, त्यांना कुणी ख्रिस्ती केलं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, पण साडी सोडली नाही, मांस खाल्लं नाही, आणि तिथल्या सिस्टर्सनी (नन्सनी) लॅटिन अक्षरांचा क्रूस घालायला सांगितला तर त्या अडून बसल्या की लॅटिन माझी भाषा नाही, संस्कृत का नको? १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच रमाबाईंनी मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली-बायकांना उचलून आणलं, पुणे जिल्ह्यातल्या केडगावला वसवलं, आणि अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, खेड्यातल्या बाईला कळेल असं. आणि फादर दिब्रिटो, वसईचे, २०२० ला धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काहींनी विरोध केला होता. ज्या माणसाने मराठीत इतकं लिहिलं त्यालाही आपण मराठी आहोत हे सांगावं लागावं?

संपादक साहेब, आपल्याला पण एक विनंती आहे. दरवर्षी डिसेंबरमध्ये आपली नाताळची पुरवणी येते, त्यात वांद्र्याची रोषणाई असते, प्लम केकची रेसिपी असते, सांताक्लॉजचा फोटो असतो. मी ती आवर्जून वाचते. पण आमच्याकडे नाताळला करंज्या आणि चकल्या होतात, दारात रांगोळी असते, चर्चमध्ये येशूजन्माचं कीर्तन होतं, आणि त्यातलं काहीच आपल्या पुरवणीत दिसत नाही. मग वाचकांना वाटणारच की ख्रिस्ती म्हणजे कुणीतरी परके. एक वर्ष राहुरीला, जालन्याला, केडगावला माणूस पाठवा. करंज्यांचं मी बघते.

त्या पत्रलेखक गृहस्थांनाही आपल्यामार्फत सांगते की माझा त्यांच्यावर राग नाही. ते कधी श्रीरामपूरला आले तर दुकानात यावं, सिस्टरांनी दिलेलं पुस्तक अजून मशीनच्या खणातच आहे, पण ते त्यांना मी दाखवणार नाही त्यांनी मागितल्याशिवाय. आधी माझ्या कस्टमरना विचारावं, शेजारणीला विचारावं, सासूबाईंना विचारावं, त्या आता शहाऐंशीच्या आहेत आणि खरं तेच बोलतात. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी रोज सकाळी दहा ते सात.

आपली,
एक वाचक, श्रीरामपूर

(भाचीचं लग्न ठरायचं आहे म्हणून नाव छापू नये ही विनंती.)